अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल (१९०३) : आख्यायिका, वास्तव आणि प्रवेशाचा प्रश्न

प्रस्तावना

१६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईच्या अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलचे दरवाजे पाहुण्यांसाठी उघडले. आधुनिक मुंबईच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. परंतु तो बहुधा एका आख्यायिकेच्या रूपाने होतो. जमशेटजी नसरवानजी टाटा यांना एका युरोपीय हॉटेलात प्रवेश नाकारण्यात आला, या अपमानाने ते पेटून उठले आणि त्यांनी त्याहून भव्य हॉटेल बांधून दाखविले, असे या कथेचे स्थूल रूप आहे. पाठ्यपुस्तकांच्या पूरक वाचनात, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि आपल्या महाविद्यालयांतील व्याख्यानांतही ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिच्याविषयी प्रश्न विचारणे अनेकांना अनावश्यक वाटते.

प्रस्तुत लेखात या हॉटेलच्या उभारणीचा व उद्घाटनाचा विचार तीन अंगांनी करावयाचा आहे. पहिले अंग म्हणजे ताजविषयी रूढ असलेल्या आख्यायिकांची चिकित्सा. दुसरे अंग म्हणजे १८९६ नंतरच्या मुंबईची आर्थिक व सामाजिक परिस्थिती आणि हॉटेलचा संकल्प यांचा परस्परसंबंध. तिसरे अंग म्हणजे अशा वास्तूत कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, हा प्रश्न. अपमान आणि प्रतिशोध या सूत्रात बांधलेली कथा ऐकावयास आकर्षक असली, तरी तिच्यामुळे प्लेगग्रस्त शहर, भारतीय भांडवलाची दूरदृष्टी, एका मराठी अभियंत्याचे कर्तृत्व आणि हॉटेलने निर्माण केलेली प्रवेशाची नवी अट या चारही गोष्टी दृष्टिआड होतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पालवा बंदर ते अपोलो बंदर

ज्या किनाऱ्यावर हे हॉटेल उभे राहिले, त्या किनाऱ्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. स्थानिक लोकांच्या तोंडी या धक्क्याचे नाव ‘पालवा बंदर’ असे होते आणि त्याचेच इंग्रजांच्या उच्चारात ‘अपोलो’ झाले, असे सामान्यतः मानले जाते. ग्रीक देवतेचा या किनाऱ्याशी काहीही संबंध नाही. कोळी आणि गलबतवाले यांच्या वापरातील धक्का वासाहतिक राजवटीत राज्यकर्त्यांच्या आगमनाचा धक्का झाला आणि त्याचे नावही त्याच मार्गाने बदलले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचा कायापालट झाला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारातून शहरात अमाप पैसा आला. याच दशकात किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नव्या सार्वजनिक इमारती उभ्या राहू लागल्या. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोपातून येणाऱ्या जहाजांसाठी मुंबई हे भारताचे पहिले महत्त्वाचे बंदर ठरले. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० साली प्रिन्सेस डॉक व १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला. समुद्र हटवून जमीन मिळविण्याचे काम किनाऱ्यावर ठिकठिकाणी चालूच होते. ताजची जागा ही अशाच भरावाच्या जमिनीपैकी होय.

बंदर वाढले, प्रवासी वाढले. परंतु त्यांच्या निवासाची व्यवस्था त्या प्रमाणात सुधारली नाही. आशियातील अन्य बंदरांशी तुलना केली असता ही उणीव स्पष्ट होते. कोलंबोत १८६४ साली गॉल फेस हॉटेल, सिंगापुरात १८८७ साली रॅफल्स आणि रंगूनमध्ये १९०१ साली स्ट्रँड अशी हॉटेले निघाली होती. मुंबईत वॉटसन हॉटेल हे सर्वांत नामांकित होते. इंग्लंडमध्ये घडविलेला ओतीव लोखंडाचा सांगाडा जहाजातून आणून उभारलेली ही इमारत रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याने आखली होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. काळा घोडा परिसरातील ही वास्तू पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाऊ लागली आणि हॉटेल म्हणून तिचे आयुष्य केव्हाच संपले.

वॉटसन हॉटेलची आख्यायिका

जमशेटजींना प्रवेश नाकारल्याची कथा याच वॉटसन हॉटेलशी जोडली जाते. या कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. कधी जमशेटजी एकटे असतात, कधी परदेशी मित्रासह. कधी दारावर ‘कुत्र्यांना व भारतीयांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते, कधी केवळ व्यवस्थापकाचा नकार असतो. प्रसंगाचे वर्ष तर बहुतेक वेळा सांगितलेच जात नाही. तारीख, साक्षीदार आणि समकालीन नोंद यांच्या आधाराशिवाय प्रचलित असलेल्या कथेला इतिहासाच्या अभ्यासकाने घटना न म्हणता आख्यायिका म्हणणेच उचित होय.

अंतर्गत सुसंगतीच्या कसोटीवरही ही कथा अपुरी ठरते. जमशेटजी हे मुंबईचेच रहिवासी होते आणि किल्ल्याजवळ त्यांचे स्वतःचे प्रशस्त निवासस्थान होते. व्यावसायिक स्वभावाने ते दीर्घकाळ विचार करून निर्णय घेणारे होते. नागपूरच्या एम्प्रेस मिलसाठी त्यांनी कापूस पिकविणाऱ्या प्रदेशाचे सान्निध्य, रेल्वे आणि इंधन यांचा विचार करून जागा निवडली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती गिरणी सुरू केली. पी. अँड ओ. या बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपनीच्या मक्तेदारीला आव्हान देण्यासाठी १८९० च्या दशकात त्यांनी जपानशी व्यापार करणारी स्वतःची जहाजवाहतूक सुरू केली. दरयुद्धात ती टिकली नाही. असा मनुष्य केवळ एका नकाराच्या संतापातून एवढी रक्कम गुंतवील, हे मानणे त्याच्या एकूण कारकिर्दीशी विसंगत आहे.

तथापि आख्यायिका निराधार ठरली म्हणजे ती निरर्थक ठरत नाही. वांशिक बहिष्कार ही तत्कालीन मुंबईतील नित्याची वस्तुस्थिती होती. १८३३ साली स्थापन झालेला भायखळा क्लब, १८७५ सालचा बॉम्बे जिमखाना आणि खुद्द अपोलो बंदरावर १८८१ पासून ठाण मांडून बसलेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब या संस्थांचे सभासदत्व भारतीयांना नव्हते. शहराच्या सर्वांत सुंदर किनाऱ्यावर, शहराचे कर भरणाऱ्या भारतीयांना बसण्याची जागा नव्हती. हजारो लोकांनी हजार ठिकाणी सोसलेला हा अनुभव लोकस्मृतीने एका प्रसिद्ध माणसाच्या एका प्रसंगात एकवटला, असे या आख्यायिकेचे स्पष्टीकरण देता येते. प्रसंगाचा पुरावा म्हणून ती दुर्बळ आहे. अनुभवाचा पुरावा म्हणून मात्र ती मौल्यवान आहे. मौखिक साधनांचा उपयोग करताना हा भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

प्लेग, शहराचा लौकिक आणि भांडवल

हॉटेलच्या संकल्पाचे कारण अपमानात नसेल, तर ते कोठे शोधावे? त्यासाठी १८९६ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ गॅब्रियल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तत्कालीन मराठी वृत्तपत्रांनी ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणून ज्याचे वर्णन केले, त्या या रोगाने अल्पावधीत शहर ग्रासले. भयभीत झालेल्या लोकांनी रेल्वे, गलबत किंवा पायवाट मिळेल त्या मार्गाने कोकण, देश आणि गुजरात गाठले. गिरण्यांना मजूर मिळेनासे झाले. १८९७ साली साथरोग अधिनियम संमत झाला. त्याच वर्षी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेचा मुख्य विषय भारतातील प्लेग हाच होता, आणि मुंबईहून निघणाऱ्या जहाजांकडे जगातील बंदरे संशयाने पाहू लागली.

जनगणनेचे आकडे या आघाताची साक्ष देतात. १८९१ साली मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ साली ती ७,७६,००६ भरली. वाढत आलेल्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ४६ हजारांनी घटली. मृत्यू आणि स्थलांतर ही दोन्ही कारणे या घटीमागे आहेत. १८९८ साली शासनाने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन करून दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि श्रमिकांसाठी चाळी बांधणे ही कामे हाती घेतली.

ज्या वर्षी हा ट्रस्ट स्थापन झाला, त्याच वर्षी, म्हणजे १८९८ साली, जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची भरावाची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. हा केवळ योगायोग मानता येत नाही. लोक शहर सोडून जात असताना, परदेशी प्रवासी बंदराकडे पाठ फिरवीत असताना आणि मालमत्तेविषयी अनिश्चितता असताना, समुद्राच्या तोंडावर भव्य हॉटेल बांधण्याचा निर्णय हा शहराच्या भवितव्यावर लावलेला पैसा होता. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर हे जमशेटजींचे स्नेही, मुंबईत चांगल्या हॉटेलांचा अभाव आहे, ही तक्रार त्यांनी केल्याचे सांगितले जाते. हॉटेलच्या मालकीतून नफा मिळविण्यापेक्षा शहराकडे लोकांनी यावे आणि शहराचा लौकिक पुन्हा प्रस्थापित व्हावा, हा जमशेटजींचा हेतू असल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. वरील परिस्थितीशी हे स्पष्टीकरण अधिक जुळते.

येथे आणखी एक बाब लक्षात घेतली पाहिजे. जमशेटजींच्या चार मोठ्या संकल्पांपैकी तीन त्यांच्या निधनानंतर सिद्धीस गेले. पोलादाच्या कारखान्याची कंपनी १९०७ साली स्थापन झाली, बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ साली अस्तित्वात आली आणि जलविद्युत कंपनी १९१० साली निघाली. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. चार संकल्पांपैकी केवळ हॉटेलच त्यांना डोळ्यांनी पाहता आले आणि तेही उणेपुरे पाच महिने. कुटुंबीयांना या उद्योगाचे फारसे कौतुक नव्हते. विज्ञान संस्था आणि पोलादाचा कारखाना काढू पाहणारा भाऊ आता ‘भटारखाना’ काढणार काय, असे त्यांच्या बहिणीने त्राग्याने विचारल्याची आठवण चरित्रांतून येते. अन्नविक्रयाकडे पाहण्याची तत्कालीन प्रतिष्ठित समाजाची दृष्टी त्या एका शब्दात दिसते.

वास्तू आणि तिचे कर्ते

हॉटेलचा मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. सीताराम खंडेराव यांनी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामावर साहाय्यक म्हणून काम केले होते. त्या वास्तूचे श्रेय इतिहासाने स्टीव्हन्स यांना दिले; साहाय्यकांची नावे मात्र तळटीपांत राहिली. ताजच्या निमित्ताने एका मराठी अभियंत्याला स्वतःच्या नावावर शहराच्या दर्शनी किनाऱ्यावर वास्तू उभारण्याची संधी लाभली होती. दुर्दैवाने १९०० साली, काम पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले आणि उर्वरित काम डब्ल्यू. ए. चेम्बर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पूर्णत्वास नेले. खानसाहेब सोराबजी रतनजी हे बांधकामाचे कंत्राटदार होते. आधाराचे खांब न दिसता वर चढत जाणाऱ्या मध्यवर्ती जिन्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

वास्तूची शैली संमिश्र आहे. कोपऱ्यांवरील लहान घुमट, मध्यभागीचा मोठा घुमट, इस्लामी धाटणीच्या कमानी, गुजरातच्या काष्ठशिल्पाची आठवण करून देणारे सज्जे आणि युरोपीय प्रमाणबद्धता यांचा मेळ तिच्यात घातलेला आहे. मध्यवर्ती घुमट हा पुढे बंदरात येणाऱ्या जहाजांना दिवसा दिशा दाखविणारी खूण ठरला.

या वास्तूविषयी दुसरी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. हॉटेल चुकून उलटे बांधले गेले, दर्शनी बाजू मागे आणि मागची बाजू समुद्राकडे आली, आणि हे पाहून वास्तुविशारदाने घुमटावरून उडी घेऊन जीव दिला, असे सांगितले जाते. ज्यांनी आराखडा केला ते वैद्य इमारत पूर्ण होण्यापूर्वीच निवर्तले होते, ही एक गोष्टच या कथेचे खंडन करण्यास पुरेशी आहे. मूळ प्रवेशद्वार शहराच्या, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूस होते हे खरे. पण त्यामागे विचार होता. घोडागाड्यांतून येणारे पाहुणे शहराच्या रस्त्यानेच येणार होते आणि दोन पाखांमधील मोकळी जागा पश्चिमेचा वारा आत घेत होती. समुद्राकडील बाजू खोल्यांसाठी राखली गेली. शिवाय आज आपण ज्या प्रशस्त चौकात उभे राहून हॉटेलकडे पाहतो आणि त्याचे ‘तोंड’ ठरवितो, तो चौक १९०३ साली आजच्या स्वरूपात नव्हताच. गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरातील भरावाचे काम १९१५ ते १९१९ या काळात झाले. जी जमीन नंतर निर्माण झाली, तिच्यावर उभे राहून पूर्वीच्या रचनेला चूक ठरविणे हा कालविपर्यास होय.

ताज ही मुंबईतील विजेचे दिवे लागलेली पहिली इमारत होती, हे तिसरे विधानही तपासून घेतले पाहिजे. मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये. ती व्यवस्था चालविणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. शहराला वीज पुरविणारी कंपनी १९०५ साली निघाली आणि १९०७ साली विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. म्हणजे १९०३ साली शहरात सार्वजनिक वीजपुरवठा नव्हता आणि हॉटेलला स्वतःचे विद्युतजनित्र बसवावे लागले. ‘पहिली इमारत’ या बिरुदापेक्षा हे वास्तव अधिक बोलके आहे. जे शहर देऊ शकत नव्हते, ते हॉटेलने आपल्या भिंतींच्या आत स्वतःपुरते निर्माण केले. विलासी हॉटेल म्हणजे शहरातील एक स्वयंपूर्ण बेट, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली रचना येथे आरंभीच दिसते.

उद्घाटन आणि त्याचा अर्थ

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले, तेव्हा इमारतीचे काम पूर्ण झालेले नव्हते. पहिल्या दिवशी १७ पाहुणे दाखल झाले, अशी माहिती हॉटेलच्या इतिहासात दिली जाते. अमेरिकन बनावटीचे पंखे, जर्मन बनावटीचे पाळणे, तुर्की पद्धतीची स्नानगृहे आणि इंग्रज बटलर ही व्यवस्था त्या काळी नवलाची होती. भांडवल स्वदेशी असले तरी साधने बहुतांशी विदेशी होती, ही विसंगती तत्कालीन औद्योगिक वास्तवाची निदर्शक आहे. देशात आधुनिक पोलादाचा कारखानाच नव्हता, तेव्हा लोखंडी खांबांसाठी परदेशाकडे पाहावे लागणे अपरिहार्य होते. साकची येथील टाटांच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडावयास १९१२ साल उजाडले.

उद्घाटनाचा काळ ध्यानात घेण्यासारखा आहे. १९०३ सालच्या जानेवारी महिन्यात लॉर्ड कर्झन यांनी दिल्लीत दरबार भरवून साम्राज्याच्या वैभवाचे प्रदर्शन केले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एका भारतीय उद्योजकाने साम्राज्याच्या प्रवेशद्वारी आपली वास्तू उभी केली. नावाचीही दखल घ्यावी लागेल. व्हिक्टोरिया टर्मिनस, एल्फिन्स्टन कॉलेज, क्रॉफर्ड मार्केट, वॉटसन हॉटेल अशा नावांनी भरलेल्या शहरात ‘ताजमहाल’ हे नाव वेगळे उठून दिसते. जमशेटजींनी १८७७ साली आपल्या गिरणीला सम्राज्ञीचे नाव दिले, १८८६ साली कुर्ल्याच्या गिरणीला ‘स्वदेशी’ म्हटले आणि १९०३ साली हॉटेलला मोगल वास्तूचे नाव दिले. या तीन नावांच्या क्रमात एका पिढीच्या मनोवृत्तीतील बदल वाचता येतो. तो बंडाचा बदल नाही, आत्मविश्वासाचा आहे.

गेटवे ऑफ इंडिया आणि ताज यांचे जोडचित्र आपल्या मनात इतके पक्के आहे की, त्यांचा कालक्रम सहज विसरला जातो. जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या गेटवेची कोनशिला ३१ मार्च १९११ रोजी बसविली गेली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तो खुला झाला. म्हणजे साम्राज्याच्या स्मारकापूर्वी २१ वर्षे भारतीय भांडवलाची वास्तू त्या किनाऱ्यावर उभी होती. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्या समोर ताज होते आणि स्मारकाची केवळ कोनशिला होती. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच गेटवेतून परतली.

प्रवेशाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे यावे लागते. या हॉटेलचे दार कोणासाठी उघडले? वंशाच्या अटीपुरते उत्तर स्पष्ट आहे. युरोपीय व भारतीय या दोघांनाही येथे एकाच छपराखाली राहता येत होते. शेजारच्या यॉट क्लबात ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते, ते संस्थानिक, व्यापारी आणि वकील ताजच्या भोजनगृहात इंग्रजांच्या बरोबरीने बसू शकत होते. वासाहतिक समाजरचनेत ही समता क्षुल्लक नव्हती.

भारतीय समाजाच्या अंगानेही या बदलाचा विचार करावयास हवा. आपल्याकडील निवासाच्या व भोजनाच्या पारंपरिक संस्था म्हणजे धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना आणि खाणावळ. त्यांपैकी अनेकांची दारे जात, पंथ किंवा प्रदेश विचारूनच उघडत. पंक्तीत कोण बसणार, पाणी कोण देणार, स्वयंपाक कोणाच्या हातचा, हे प्रश्न तेथे निर्णायक होते. हॉटेल ही संस्था तत्त्वतः यांपैकी काही विचारीत नाही. ती एकच प्रश्न विचारते आणि तो पैशाचा असतो. त्यामुळे ताजने वंशाची आणि जातीची अट दूर सारून तिच्या जागी किमतीची अट आणली, असे म्हणता येईल. ही नवी अट कागदावर सर्वांना समान होती. व्यवहारात मात्र प्लेगच्या काळात झोपड्या जाळल्या गेलेल्या, चाळीच्या एका खोलीत संसार करणाऱ्या गिरणी कामगाराला ती जुन्या अटीइतकीच अनुल्लंघनीय होती. अशा माणसाचा या वास्तूशी संबंध आला तो दगड वाहणारा, पाणी भरणारा, कपडे धुणारा किंवा भांडी घासणारा म्हणून. त्यांची नावे कोणत्याही उद्घाटनाच्या वर्णनात येत नाहीत.

या संदर्भात कोल्हापूरचे एक उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त ठरते. छत्रपती शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातील गृहस्थांना चहाचे हॉटेल काढण्यास प्रोत्साहन दिले आणि स्वतः तेथे थांबून, सोबतच्या मंडळींसह, त्यांच्या हातचा चहा घेतला. ताज आणि गंगारामांचे हॉटेल यांच्या आकारमानात तुलनाच नाही. परंतु सार्वजनिक ठिकाणी कोण कोणाबरोबर बसतो आणि कोण कोणाच्या हातचे घेतो, या प्रश्नाला दोन्ही ठिकाणी हात घातला गेला. एका ठिकाणी हे काम भांडवलाने केले, दुसऱ्या ठिकाणी राजसत्तेच्या नैतिक बळाने. पहिल्यात ग्राहकाला समतेची किंमत मोजावी लागली. दुसऱ्यात एका चहाच्या पेल्यात ती समता होती. महाराष्ट्रातील हॉटेल या संस्थेचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाल्यास ही दोन्ही प्रकरणे एकत्र वाचावी लागतील.

उत्तरकाळात या वास्तूच्या अर्थात भर पडत गेली. पहिल्या महायुद्धात हॉटेलचे ६०० खाटांचे रुग्णालय झाले. १९७३ साली शेजारी उंच मनोरा उभा राहिला. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले आणि ताज हे त्या हल्ल्याचे एक प्रमुख लक्ष्य होते. त्या प्रसंगी पाहुण्यांना वाचविताना हॉटेलच्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनी प्राण दिले. जुनी वास्तू दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. घुमटातून निघणारा धूर पाहून ज्यांनी आयुष्यात कधीही त्या दारातून पाऊल आत टाकले नव्हते, असे असंख्य मुंबईकर व्यथित झाले. ज्या वास्तूत आपल्याला प्रवेश नाही, तिच्याविषयीही शहरातील माणसाला आपलेपणा वाटू शकतो, ही बाब प्रवेशाच्या प्रश्नाला अधिक गुंतागुंतीची करते. दर्शनी भाग सर्वांचा आणि अंतर्भाग मोजक्यांचा, अशी या वास्तूची दुहेरी मालकी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. वॉटसन हॉटेलातील अपमानाची कथा ही सिद्ध घटना म्हणून शिकविणे योग्य नाही. वांशिक बहिष्काराच्या सामूहिक स्मृतीचे साधन म्हणून ती जरूर शिकवावी. हॉटेलचा संकल्प प्लेगने खचलेल्या शहराविषयीच्या विश्वासातून समजून घ्यावा लागतो. वास्तूच्या श्रेयात वैद्य, मिर्झा आणि सोराबजी रतनजी या भारतीय कर्त्यांची नावे चेम्बर्स यांच्या बरोबरीने घेतली गेली पाहिजेत. आणि प्रवेशाची वांशिक अट मोडणाऱ्या या संस्थेने आर्थिक अट प्रस्थापित केली, ही दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली पाहिजे.

आख्यायिकेत एक नायक, एक खलनायक आणि एक दार असते. दार बंद होते, नायक दुसरे दार उघडतो आणि कथा संपते. इतिहासाचे काम त्यानंतर सुरू होते. ते दार कोणी घडविले, ते उघडले तेव्हा शहराची अवस्था काय होती आणि त्यातून आत कोण गेले, याची विचारणा त्याला करावी लागते. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात बंदरे, पेठा, धर्मशाळा, खाणावळी आणि जुनी हॉटेले आहेत आणि प्रत्येकीभोवती अशाच कथांचे वलय आहे. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत विद्यार्थ्यांना हीच विचारणा करावयास लावली, तर त्यांच्या हाती कथेपेक्षा अधिक काही लागेल.